लोणारच्या तळ्यात राक्षस ठेवण्यापूर्वी: नागपुरातील गेममास्टर मंडळींना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरात आणि आसपास टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ चालवणाऱ्या सर्व गेममास्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि गेममास्टर कथा व राक्षस चालवतो, अशा आपल्या खेळांत टेबलांवर येणाऱ्या राक्षसांविषयी हे पत्र आहे. ते एकाच गेममास्टरसाठी असते तर खासगीत बोलून भागले असते. परंतु आपली टेबले एकमेकांना फारशी ओळखत नसली तरी त्यांच्यावरच्या कल्पना भराभर फिरतात. धरमपेठेतल्या कॅफेत रविवारी दुपारी एखाद्याने उभा केलेला राक्षस थोड्याच दिवसांत मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आणि तिथून एखाद्या कॉलेजच्या होस्टेलवर पोचतो, आणि कोणी कोणाकडून काय घेतले याचा पत्ता राहत नाही. म्हणून हे सर्वांनाच लिहीत आहे.

आपल्यापैकी अनेकजण आता छापील साहसे, म्हणजे विकत मिळणारी तयार कथानके, बाजूला ठेवून स्वतःची कथानके रचू लागले आहेत आणि त्यांतली बरीचशी विदर्भात घडतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. या कथानकांवर कॉस्मिक हॉररची, म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या भयकथेची, दाट छाया आहे. तिलाही माझा आक्षेप नाही, कारण या खेळांच्या बालपणापासून ती तिथे आहे. माझा आक्षेप आपण त्या साहित्यातून काय निवडतो याला आहे. त्यात घेण्याजोगा जो विचार आहे तो टेबलावर येईपर्यंत हरवतो, आणि ज्या गोष्टी तिथेच सोडून द्यायला हव्या होत्या त्या आपण जशाच्या तशा उचलून गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात आणून ठेवतो.

हा प्रभाव आला कसा ते आधी पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी प्रकाशक टीएसआरच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेच्या पहिल्या अंकात माइंड फ्लेअर अवतरला: देह माणसासारखा, डोके ऑक्टोपससारखे, तोंडाभोवती चार टेंटॅकल, म्हणजे सोंडेसारखे लवचीक अवयव, आणि आहार म्हणजे मेंदू. हा राक्षस आपल्याला ब्रायन लम्ली यांच्या एका कादंबरीच्या मुखपृष्ठावरून सुचला, असे गायगॅक्स यांनी नंतर सांगितले. लम्ली हे लव्हक्राफ्टच्या कल्पनाविश्वात पुढे भर घालणारे ब्रिटिश लेखक. म्हणजे आपल्या खेळांतला सर्वांत प्रसिद्ध 'लव्हक्राफ्टी' राक्षस मूळ लव्हक्राफ्टच्या कथेतून आलाच नाही. तो त्यांच्या एका अनुयायाच्या पुस्तकावरच्या चित्रातून आला. चित्र आधी आले आणि विचार मागे राहिला, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

पुढची नावे आपणांस ठाऊकच आहेत. १९७८ च्या एका साहसात आलेले, जमिनीखाली राहणारे मत्स्यमानव कुओ-टोआ पाहिले की लव्हक्राफ्टच्या इन्समथ गावातली, समुद्रातल्या जीवांशी सोयरीक केलेली माणसे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९८३ च्या दुसऱ्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधला गिबरिंग माउदर, म्हणजे असंख्य डोळ्यांचा आणि अखंड बरळणाऱ्या तोंडांचा मांसाचा गोळा, लव्हक्राफ्टच्या अंटार्क्टिकावरच्या कथेतल्या शॉगॉथ या आकारहीन प्राण्याचा धाकटा भाऊ शोभतो. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी आपल्या आवडीच्या वाचनाची जी यादी दिली, आणि जिला आपण सगळे 'अपेंडिक्स एन' म्हणून ओळखतो, तीत सर्वांत थेट प्रभावांमध्ये लव्हक्राफ्टचे नाव आहे.

सगळेच राक्षस या एका घराण्यातले नाहीत हेही लक्षात ठेवावे. आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. (आपल्या इतवारीतल्या खेळण्यांच्या दुकानांतही असे ओळखू न येणारे प्राणी सापडतात, कोणी शोधले तर एक अख्खे मॅन्युअल भरेल.) डिस्प्लेसर बीस्टच्या खांद्यांवर टेंटॅकल आहेत, पण त्याचे मूळ ए. ई. व्हॅन व्होग्ट यांच्या १९३९ च्या एका विज्ञानकथेतल्या भुकेल्या, मांजरासारख्या प्राण्यात आहे, आणि भूक ही आपल्याला पूर्णपणे कळणारी गोष्ट आहे. म्हणजे टेंटॅकल दिसले की कॉस्मिक हॉरर झाले, असे मानण्याला काही आधार नाही.

खरा वारसा अ‍ॅबोलेथमध्ये दिसतो. डेव्हिड कुक यांच्या १९८१ च्या साहसात तो प्रथम आला तेव्हा जलाशयात दडलेला, मनावर ताबा मिळवणारा एक विचित्र मासा एवढेच त्याचे रूप होते. पुढच्या आवृत्त्यांनी त्याला जे दिले ते अधिक मोलाचे आहे. अ‍ॅबोलेथला आपल्या सर्व पूर्वजांच्या आठवणी असतात आणि त्या आठवणी देव अस्तित्वात येण्यापूर्वीच्या काळापर्यंत मागे जातात. याचा अर्थ असा की तुमच्या टेबलावरचा क्लेरिक ज्या देवाचे नाव घेऊन जखमा भरतो तो देव या प्राण्याच्या लेखी परवा आलेला पाहुणा आहे, आणि त्याच्याआधी जग कसे चालले होते हे या प्राण्याला स्वच्छ आठवते. अ‍ॅबोलेथने काही केले नाही, फक्त बोलला, तरी क्लेरिकच्या पायाखालची जमीन सरकायला हवी. मी ज्या टेबलांवर अ‍ॅबोलेथ पाहिला तिथे मात्र तो दोन फेऱ्यांत पाण्याबाहेर ओढला गेला आणि तिसऱ्या फेरीत मेला. त्याला काही विचारावे असे कोणाला वाटले नाही, आणि गेममास्टरनेही त्याला बोलू दिले नाही.

लव्हक्राफ्टचा विचार मुळात सोपा आहे. १९२७ मध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो सांगितला होता: माणसाचे कायदे, त्याच्या इच्छा आणि भावना यांना अफाट विश्वाच्या संदर्भात काहीही अर्थ नाही, आणि आपल्या सगळ्या कथा या एका गृहीतकावर उभ्या आहेत. लिहिणारा माणूस तरुणपणी प्रॉव्हिडन्समधल्या वर्तमानपत्रांत खगोलशास्त्रावर सदरे लिहीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विचार कुठून आला ते कळते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला आकाश मोठे दिसते हे खरे, पण त्या आकाशाला पाहणारा दिसत नाही. भय तिथून सुरू होते.

हा विचार समजून घ्यायला आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही, कारण बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. बेसॉल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि त्याच्या तळाशी असलेले खारे, अल्कधर्मी पाणी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. त्या एका खड्ड्याच्या दोन कथा आहेत. पहिली पुराणातली: लवणासुर नावाचा दैत्य तिथे राहून लोकांना छळत होता, विष्णूने अवतार घेऊन त्याचा वध केला, आणि म्हणून लोणार गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आहे. दुसरी भूविज्ञानातली: आकाशातून एक पाषाण आला आणि आदळला. त्या पाषाणाला कोणाचा राग नव्हता, कोणाला शिक्षा करायची नव्हती, आणि खाली कोणी आहे की नाही याची त्याला जाणीव असण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिली कथा म्हणजे अस्सल 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आहे. तिच्यात राक्षस आहे, त्याचा उपद्रव आहे, शस्त्र आहे, विजय आहे आणि विजयाचे स्मारक आहे. मी तिला कमी लेखत नाही. रविवारची दुपार रंगवायला अशीच कथा लागते. दुसरी कथा कॉस्मिक हॉररची आहे, आणि तिच्यात मारण्यासारखे कोणीच नाही. लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही १९२७ ची कथा नेमकी या दुसऱ्या जातीची आहे. एका शेतात उल्का पडते, तिच्याबरोबर ओळखीच्या कोणत्याही रंगात न बसणारा एक रंग येतो, झाडे, गुरे आणि शेवटी माणसे झडत जातात, आणि मग तो रंग निघून जातो. त्याने त्या कुटुंबाचा द्वेष केला असे कथेत कुठेही सूचित होत नाही. त्याला बोलता येत नाही, त्याची काही मागणी नाही, त्याचे कोणी भक्त नाहीत. मला विचाराल तर लव्हक्राफ्टच्या सगळ्या टेंटॅकलधारी मंडळींपेक्षा हा रंग अधिक भयंकर आहे.

आता जून २०२० आठवा. लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लॉकडाउनचे दिवस होते, आधीच लोकांचे मन थाऱ्यावर नव्हते, आणि फोनवर येणाऱ्या त्या छायाचित्रांखाली जो तो आपापला अर्थ लिहीत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, आपल्या शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेपर्यंत पाण्याचे नमुने गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण कळले ते असे की अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसत होते. अपशकुन कोणी धाडला नव्हता. पाणी आटले, क्षार वाढले, आणि आपण आहोत की नाही याच्याशी काडीचाही संबंध नसलेले जीव फोफावले. यात कॉस्मिक हॉररचे संपूर्ण कथानक तयार आहे, आणि तरीही लोणारवर रचलेली जी कथानके माझ्या कानावर आली त्या प्रत्येकात तळ्याच्या मध्यभागी एक महाकाय ऑक्टोपस बसवलेला होता, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसून तो मरेल तो आकडा, आधीच ठरलेले होते, आणि शेवटी तो मरत होता. म्हणजे लवणासुरच तो, वेष फक्त परदेशी.

आपल्या घडणीत लवणासुराची कथा अधिक खोल गेली आहे, हे यामागचे एक कारण असावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांतून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठते, आणि त्या वर्षीची महागाई, रोगराई, भ्रष्टाचार यांचे बडगे, म्हणजे पुतळे, तिच्या मागे चालतात. पीडेला चेहरा द्यायचा, नाव द्यायचे, गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे, ही या शहराची रीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. मराठी भयकथेनेही बहुधा हाच मार्ग धरला. नारायण धारप यांच्या समर्थकथांत बाहेरच्या शक्ती कितीही अनाकलनीय असल्या तरी वाचकाला ठाऊक असते की समर्थ येतील. जी पीडा नाव घेत नाही, मिरवणुकीत चालत नाही आणि जाळली तरी जळत नाही, तिची आपल्याला सवय नाही. टेबलावर ती चालवायला गेममास्टरला म्हणूनच जास्त कष्ट पडतात.

दुसरे कारण नियमांत आहे, आणि ते अधिक बोचरे आहे. ज्या राक्षसाला आकडे आहेत तो मारता येतो, हे प्रत्येक खेळाडूला पहिल्याच दिवशी कळते. टीएसआरच्या १९८० च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रतींत लव्हक्राफ्टचा समुद्रतळाशी निजलेला महाकाय कथुलू आणि त्याचे सोबती ग्रीक, नॉर्स आणि भारतीय देवांच्या शेजारी, आर्मर क्लास (त्यांना घाव घालणे किती कठीण तो आकडा) आणि हिट पॉइंटसह छापले गेले. नंतरच्या छपाईत तो भाग वगळला गेला, परंतु त्याचे कारण हक्कांचे होते. आकडे देणे चुकले असे कोणी म्हटले नाही. खरे तर कथुलूच्या मूळ कथेतही एक खलाशी जहाज थेट त्याच्या डोक्यात घुसवतो आणि डोके फुटते, मग ते पुन्हा जुळते. म्हणजे लव्हक्राफ्टच्या हातूनही हा मोह सर्वस्वी सुटला नव्हता. त्यांच्यामागे ऑगस्ट डर्लेथ या त्यांच्या अनुयायी लेखकाने त्या विश्वातल्या शक्तींची पंचमहाभूतांसारखी वर्गवारी केली आणि चांगल्या देवांना वाईट देवांविरुद्ध उभे केले. मग ते सगळे राक्षसांच्या पुस्तकात बसायला अगदी तयार झाले.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा सर्वांत बुद्धिमान प्रयत्न १९८१ मध्ये केऑझियम या प्रकाशकाच्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात सँडी पीटरसन यांनी केला. त्यांनी राक्षसाचे आकडे ठेवले, पण खेळाचे लक्ष खेळाडूच्या आकड्याकडे वळवले. सॅनिटीच्या, म्हणजे पात्राचे मानसिक संतुलन मोजणाऱ्या आकड्याच्या, नियमाविषयी सगळे बोलतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याला जोडलेला दुसरा नियम. त्या खेळात 'कथुलू मिथॉस' नावाचे एक कौशल्य आहे, म्हणजे या प्राण्यांविषयीचे ज्ञान, आणि ते जितके वाढते तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते. इतर प्रत्येक खेळात माहिती गोळा करणारा खेळाडू बळकट होत जातो. इथे पुस्तक वाचणाऱ्याला वाचल्याची किंमत मोजावी लागते, आणि तरीही पुस्तक वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लव्हक्राफ्टच्या गद्यातले एकही विशेषण न वापरता त्यांचा विचार नियमात उतरवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. (त्याच पुस्तकात कथुलू दर फेरीला एक ते तीन अन्वेषक, म्हणजे खेळाडूंची पात्रे, उचलतो, असाही नियम आहे. त्यावर टेबलावर नेहमी हशा पिकतो, आणि तो पिकू द्यावा.)

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने पुढे या दिशेने बरेच काही उचलले. ब्रूस कॉर्डेल यांच्या १९९६ च्या साहसातून फार रेल्म हे विश्वापलीकडचे परके जग आले, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत अशा प्राण्यांसाठी अ‍ॅबरेशन हा वेगळा प्रकार झाला, २००५ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले. मला यांतले फारसे काही टेबलावर उपयोगी पडलेले दिसले नाही. २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मधला एक तपशील मात्र सोन्यासारखा आहे आणि तो जवळजवळ कोणी वापरत नाही. वॉरलॉक म्हणजे एखाद्या बाहेरच्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारे पात्र; त्याचा आश्रयदाता 'ग्रेट ओल्ड वन', म्हणजे लव्हक्राफ्टी धाटणीची प्राचीन शक्ती, असेल तर त्या शक्तीला हा वॉरलॉक अस्तित्वात आहे हेही कदाचित माहीत नसेल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आपण काय करतो? त्या आश्रयदात्याला स्वप्नात आणतो, कामे सांगायला लावतो, कामात कुचराई केली म्हणून रागवायला लावतो. म्हणजे सगळा मामला सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा होऊन बसतो. एखादे वर्षभर त्या वॉरलॉकला काहीही उत्तर देऊ नका. त्याची शक्ती चालू राहील, तो प्रार्थना करील, आणि पलीकडे कोणी ऐकतही नसेल. तो खेळाडू स्वतःहून तुम्हाला विचारू लागेल की आपण हे नेमके कोणाकडून घेत आहोत.

नियम बदलण्याची तयारी असेल तर ग्रॅहॅम वॉल्म्स्ली यांचा 'कथुलू डार्क' हा छोटासा खेळ अवश्य वाचावा. त्यातल्या प्राण्यांशी लढणाऱ्या पात्राचे मरण ठरलेले असते. फासा टाकायचाच नसतो. पहिल्यांदा हे ऐकून नाराज होणारे खेळाडू अर्ध्या तासात दारे लावू लागतात, पुरावे जाळू लागतात, एकमेकांशी खोटे बोलू लागतात, आणि खेळ तिथे सुरू होतो.

वेडाच्या चित्रणाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण खेळ बनवणारेही आता त्याबाबत सावध झाले आहेत आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या रेव्हनलॉफ्ट या भयप्रदेशावरील २०२१ च्या पुस्तकाने जुन्या पद्धतीच्या वेडाऐवजी भीती आणि ताण यांचे नियम दिले. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे उपचार घेणाऱ्या कोणाचे तरी भाऊ-बहीण आपल्या टेबलावर बसलेले असू शकतात. सॅनिटी संपलेल्या पात्राला हसे करून सोडू नये.

आता या पत्राच्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. कॉस्मिक हॉररने आपल्याला राक्षसांबरोबर त्या राक्षसांचे भक्तही दिले, आणि हे भक्त कुठून आले हे तपासल्याशिवाय त्यांना वापरणे योग्य नाही. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टे होते, आणि त्यांची पत्रे याविषयी काही संशय ठेवत नाहीत. 'द कॉल ऑफ कथुलू'मध्ये लुइझियानाच्या दलदलीत नरबळी देणारे लोक 'मिश्र रक्ताचे' म्हणून रंगवले आहेत, ग्रीनलंडचे मूळ रहिवासी पतित म्हणून येतात, आणि जगभरच्या अनर्थाच्या बातम्यांत भारतातल्या 'नेटिव्हां'च्या अशांततेचीही एक ओळ आहे. १९२५ च्या मार्चमधली ती अशांतता, त्या कथेनुसार, समुद्रतळाशी निजलेल्या राक्षसाच्या स्वप्नांमुळे होती! इंग्रजी राज्याला कंटाळण्यासाठी भारतीयांना कथुलूची गरज पडावी, यावर काय बोलावे. 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक' या १९२७ च्या कथेत तर यझिदी या खऱ्याखुऱ्या धर्मसमुदायाला सैतानपूजक म्हणून आणले आहे. त्याच समुदायावर, त्याच आरोपाखाली, २०१४ मध्ये इराकमधल्या सिंजारमध्ये जो नरसंहार झाला त्याविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. कथेने ते घडवले असे मी म्हणत नाही. मात्र कोणत्या जातीच्या आरोपाशी आपण खेळतो आहोत हे ठाऊक असायला हवे.

आणि आपण तोच आरोप गोंडांवर करतो आहोत. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा हे ज्यांच्या कथानकांत नरबळीचे ठिकाण आहे, त्यांना मी सांगू इच्छितो की माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि त्या समाजाच्या परंपरेप्रमाणे पारी कुपार लिंगो यांनी त्याच गुहेत कोंडलेल्या मुलांना मुक्त केले होते. ज्या गुहेची मूळ कथा मुले वाचवण्याची आहे तिला मुले बळी देण्याची गुहा करणे, बडादेवाला टेंटॅकल लावणे, आणि हे सगळे देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलेल्या शहरात बसून करणे, याला कल्पनाशक्ती म्हणता येणार नाही. खऱ्या ठिकाणाचे नाव काढून टाकले आणि 'जंगलातली एक जमात' एवढेच ठेवले तरी टेबलावर बसलेला प्रत्येकजण ती कोणती ते ओळखतो.

हे आपल्याला कसे लागेल याची चव आपण चाखलेली आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने १९७५ पासून आपला राक्षस 'रक्षासा' म्हणून घेतला आहे: वाघाचे डोके, उलट्या वळलेल्या हातांचे तळवे, अंगात उंची झगा, तोंडात पाइप, आणि मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागला की मृत्यू. रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला तो पाहून हसू येते, आणि हसून सोडून देणे आपल्याला परवडते, कारण राक्षसांना आपण पूजत नाही आणि आपल्याला कोणी राक्षसपूजक ठरवून जमिनीवरून हुसकत नाही. ज्यांच्या देवस्थानाला आपण हात लावतो आहोत त्यांच्याजवळ ही सवड नाही.

यावर उपाय म्हणून काही टेबलांवर 'जंगलाचे गूढ ज्ञान असलेला आदिवासी म्हातारा' येऊ लागला आहे. तोही नको. तो दुसऱ्या टोकाचा तोच साचा आहे; दोन वाक्ये बोलून मरण्यापलीकडे त्याला काम नसते. क्रिस स्पायव्ही यांनी २०१७ मध्ये 'हार्लेम अनबाउंड' हे 'कॉल ऑफ कथुलू'साठीचे पुस्तक काढले, त्यात १९२० च्या दशकातल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय माणसांनाच अन्वेषकांच्या जागी ठेवले. लव्हक्राफ्टने ज्यांना घाबरून लिहिले त्यांच्या हातात कंदील दिला. आपल्या कथानकातली अन्वेषक देवरीची आशा सेविका का असू नये, किंवा नागपूर विद्यापीठात भूशास्त्र शिकणारा गोंड विद्यार्थी का असू नये, ज्याला लोणारचे नमुने इतर कोणाहीपेक्षा चांगले वाचता येतात?

भक्त हवेच असतील तर लव्हक्राफ्टच्याच अंटार्क्टिकाच्या कथेकडे पुन्हा पाहावे. तिथे झोपलेल्या गोष्टीला जागे करणारे कोणी रानटी नाहीत. ते विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, आणि त्यांच्याजवळ खडक भेदणारे अत्याधुनिक ड्रिल आहे. विदर्भात कोळसा आणि मँगनीज यांसाठी जमीन किती खोल खोदली जाते हे आपणांस सांगायला नको. कोअर सॅम्पलची, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नमुन्यांची, एक पेटी, तिच्यातला एक तुकडा ज्याचे वय जुळत नाही, आणि अहवाल वेळेत द्यायचा म्हणून तो तुकडा नोंदीतून वगळणारा एक सज्जन अधिकारी, एवढे साहित्य दोन सेशनना पुरते. त्या अधिकाऱ्याला कोणत्याही देवाची पूजा करायची नाही. तो फक्त फाइल पुढे सरकवतो.

म्हणून माझी विनंती अशी की आपले कथानक दुसऱ्या टेबलाला देण्यापूर्वी त्यातली जमातींची, यात्रांची आणि देवस्थानांची नावे एकदा तपासावीत, आणि जिथे ती भक्तांच्या किंवा बळींच्या जागी आली असतील तिथे कथानकाचा तो भाग नव्याने लिहावा. नाव बदलून भागणार नाही. ज्यांची लोणारची मोहीम आत्ता अर्ध्यावर आहे त्यांनी तळ्यातल्या त्या प्राण्याचे हिट पॉइंट खोडून पाहावेत आणि पुढच्या रविवारी खेळाडूंनी हल्ला केला की पाणी नुसते गुलाबी होऊ द्यावे. काय घडले ते मला ऐकायला आवडेल.

आपला,
धरमपेठेतील एक खेळाडू
नागपूर